एकोणिसाव्या आठवड्यापासूनची दुरुस्ती

मी खाली सही करणारा, वय अठ्ठावन्न, सातवी नापास, बाकी सगळे स्वतः वाचून शिकलेला, एकाच चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीवर चौतीस वर्षे बसलेला. पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. डोके शाबूत असताना, कोणी भरीस न घालता हे लिहीत आहे.

१. दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव पत्नीस. तिच्या आळशी भावाने तिथे मुक्काम ठोकू नये.

२. तारखेचा शिक्का व टेबलावरचा दिवा मुलीस. ती मला मोबाईलवर चित्रपटांच्या कमाईच्या याद्या दाखवते. "बाबा, नऊशे कोटी! तुमचा लाडका जुना चित्रपट पहिल्या शंभरातही नाही." तिकीट वीस पटीने महाग झाले, हे यादीवाल्यांना दिसत नाही. कोटींच्या मापाने जुना-नवा चित्रपट तोलणाऱ्यांची मला किळस येते. माणसे मोजावीत.

३. मी मोजली. चौतीस वह्या आहेत. त्यांत पहिला तो जुना चित्रपट, पंचवीस आठवडे, १,९१,४०६ माणसे. नवा नऊशे कोटीवाला अकरा आठवड्यांत १,४१,६५०. या आकड्यांवर मी कित्येकांचे तोंड बंद केले.

४. आता खरे. तो जुना चित्रपट चालू असताना दारावर तिकिटे फाडायला माझा धाकटा भाऊ होता. एकोणिसाव्या आठवड्यात तो म्हणाला, "दादा, खिडकीवर चारशे गेली म्हणतोस. माझ्या पेटीत फाडलेली अर्धुकं चाळीसच आहेत." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुला मोजता येत नाही." मालकाने त्याच्यावर तिकिटे न फाडता परत विकल्याचा आळ घेतला आणि हाकलले. उरलेली तिकिटे पंचवीस आठवड्यांचा बोर्ड लागावा म्हणून मालकच विकत घेत होता. ती माझ्याच हातून जात होती. मी गप्प बसलो. नोकरीसाठी नव्हे, आकडा सुंदर दिसत होता म्हणून. याची किळस यादीवाल्यांपेक्षा जास्त येते. भाऊ एकतीस वर्षे माझा उंबरा चढलेला नाही.

५. रिकाम्या खुर्च्यांची ५२,३१८ तिकिटे लाल शाईने वजा केली आहेत. राहिले १,३९,०८८. म्हणजे पहिला नंबर त्या नऊशे कोटीवाल्याचा. तो भिकार चित्रपट मी मध्यंतरातच सोडून आलो होतो. तरी पहिला तोच.

६. सर्व वह्या धाकट्या भावास. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून त्याची सही घेतलेली नाही. मात्र कलम चार मुलीने मालकाच्या मुलासमोर, दारवानांसमोर, मोठ्याने वाचावे. मी वाचलो तर मीच वाचीन. त्याला मोजता येत होते.

स्थळ: राहत्या घरातील स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च
सही: तिकीट खिडकीवाला

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी
२. निवृत्त प्रोजेक्टरवाला (रिकाम्या खुर्च्या यानेही वरच्या झरोक्यातून पाहिल्या होत्या)