सांबार सुकायच्या आत

माय, तुला लिहायची सवय नाही मला. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू होतीस तोवर लिहायची गरजही पडली नाही. हाक मारली की काम भागायचं. आता माझ्याकडे सगळं लिहूनच होतं, म्हणून तुलाही लिहायला बसलो. दुपार आहे. राजापेठेतल्या ऑफिसात पाचसहा माणसं बसली आहेत आणि कुणी बोलत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काही सांगायचं असलं तरी तो मला लिहून पाठवतो, मी त्याला लिहून उत्तर देतो, आणि आम्ही दोघंही मान वर करत नाही. खाली क्लास सुटला आहे, पोरांच्या गाड्यांचा कलकलाट चालला असेल, पण तो काचेच्या आत येत नाही. काच मीच बसवून घेतली.

धंदा तू पाहिला होतास तोच, ठिबकच्या नळ्या आणि मोटरपंप. फक्त पसारा वाढला. अंजनगाव, अचलपूर, अकोला, सगळीकडून मागण्या येतात, तक्रारी येतात, कंपन्यांची पत्रं येतात, आणि हे सारं ईमेलवर. मध्यंतरी अशी वेळ आली की सकाळी मेल उघडले की वाचता वाचता जेवणाची वेळ व्हायची, आणि जेवून यावं तर पुन्हा तेवढेच. मग आमच्याकडे कॉम्प्युटर पाहणारी पोरगी आहे, तिनं एक सॉफ्टवेअर बसवलं. ते मेल चाळतं. मागणीचा नंबर असला की मेल वर, नसला की ‘नंतर’ नावाच्या कप्प्यात. ज्याचं काम त्याच्या नावावर पडतं, झालं की माझ्या पडद्यावर हिरवं होतं. आणि मेल आल्या आल्या माझ्या नावानं आपोआप उत्तर जातं : ‘निरोप मिळाला. थोडं थांबा, तुमचंच काम करतो आहे.’ हे वाक्य मीच सांगितलं. पोरगी म्हणाली, सर, भारी आहे, कुठून सुचलं? मी नुसता हसलो. ते तुझं होतं.

तू भाजीबाजारात पोत्यावर बसली आहेस. समोर बायांचा घोळका. एकीला वांगी पाहिजेत, एक भावावरून घासाघीस करते आहे, तिसरी म्हणते कालची अंबाडी जून निघाली. तू वर पाहतेस, आली त्या बाईच्या पिशवीत आधी सांबाराच्या दोन काड्या टाकतेस आणि म्हणतेस, “थांब बाई, तुयंच करून राहिली.” एवढ्यानं ती बाई थांबते. बाकीच्या कुठंही जावोत, तिचा नंबर लागलेला असतो. पुण्याचे व्यापारी सांबाराला कोथिंबीर म्हणतात तेव्हा मला अजून ती वेगळीच भाजी वाटते.

तेव्हा मी कॉलेजात होतो, मिसरूड फुटलं होतं, हुशारीही. दिवाळीच्या तोंडावरची गर्दी पाहून मी एक जुडी सोडली, समोरच्या सगळ्या पिशव्यांमध्ये एकदमच काड्या टाकल्या आणि निवांत वांगी तोलत बसलो. एका म्हातारीला परतवाड्याची गाडी धरायची होती. ती उभी राहिली, उभी राहिली, मग पिशवीतून काड्या काढून तिनं पोत्यावर ठेवल्या आणि स्टँडकडं निघाली. तू आवाज चढवला नाहीस. “काडी टाकली तं तोंडाकडं पाहाव लागते, लेका. अन् सांबार सुकायच्या आत माणसाले मोकळं कराव लागते.” एवढं बोलून तू वांगी पदरात घेतलीस आणि भर बाजार माझ्यावर सोडून तिच्यामागं स्टँडवर गेलीस. मला तेव्हा वाटलं, एका गिऱ्हाइकासाठी केवढा हा खटाटोप.

अकोल्याची शाखा सांभाळणारा आपला माणूस तुला आठवत असेल. सुरुवातीला सायकलवर नळ्या बांधून माझ्याबरोबर गावोगाव फिरायचा, तुझ्या चुलीपुढं बसून भाकर खायचा, तुला मायच म्हणायचा. तू गेलीस तेव्हा माझ्याहून जास्त तो रडला. रोज सकाळी त्याचा फोन यायचा. तो नुसतं ‘हो भाऊ’ म्हणायचा आणि त्या ‘हो’वरून मला कळायचं की माल उतरला का अडकला, घरी बरं आहे का भांडण झालं. तुझे कान मला आले, त्याच्यावरच तर मी धंदा केला. सॉफ्टवेअर आल्यावर मीच त्याला सांगितलं, आता फोन नको, जे आहे ते लिहून टाकत जा. तो लिहू लागला. लिहिलेला ‘हो’ सगळ्यांचा सारखाच दिसतो.

मग एकदा त्यानं लिहिलं, ‘भाऊ, एक बोलायचं होतं.’ एवढंच. मागणीचा नंबर नाही, म्हणून तो मेल ‘नंतर’मध्ये जाऊन पडला, आणि त्याला माझ्या नावानं ते उत्तर गेलं. मला सापडला तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता. फोन लावला. तो म्हणाला, या एकदा इकडं. आवाज ऐकला आणि मी गाडी काढली. वाटेत मूर्तिजापूर येईपर्यंत तो काय सांगणार ते मला कळलं होतं.

गोदामात नळ्यांच्या वेटोळ्यांवर आम्ही बसलो, पूर्वी बसायचो तसे. त्यानं चहा मागवला. अकोल्यातल्याच एका दुकानदारानं त्याला स्वतःकडं कामाला बोलावलं होतं. “मी म्हटलं, पयले भाऊले इचारतो. तुमी नाही म्हटलं असतं, तं मी हाललो नसतो.”

मी विचारलं, “मग फोन काहून नाही केला बे?”

“फोन नको, असं तुमीच तं म्हटलं. अन् तुमचं उत्तर आलं ना, थोडं थांबा. तं थांबलो. वाटलं, भाऊ इचार करून राहिले.” चहाचा कप त्यानं खाली ठेवला. “मंग वाटलं, हेच उत्तर होय.”

मी हसण्यावारी न्यायला पाहिलं. म्हटलं, मशीननं लिहिलं ते, लेका.

“नाव तं तुमचंच होतं ना, भाऊ.”

त्यानं त्या दुकानदाराला शब्द दिला होता. शब्द मोड असं मी त्याला म्हणू शकत नव्हतो. शब्द पाळायचा असतो, हे आम्ही दोघंही तुझ्या चुलीपुढंच शिकलो. तो गाडीपर्यंत सोडायला आला, काचेवर हात ठेवून उभा राहिला, म्हणाला, जेवत जा वेळेवर. पुढच्याच महिन्यात त्याच्या जागी नवा माणूस आला. चांगला आहे. त्याची सगळी कामं वेळेत हिरवी होतात.

परत आल्यावर मी पोरीला म्हटलं, ते उत्तर बंद कर. ती म्हणाली, सर, बंद केलं तर दिवसभर फोन वाजतील. वाजू दे, म्हटलं, पण बंद केव्हा करायचं ते मी सांगतो. ते काम माझ्या नावावर पडलं आहे. रोज सकाळी समोर येतं आणि रोज मी ते उद्यावर ढकलतो.

का ढकलतो ते कुणाला सांगितलं नाही. तुझी सून आमच्या नातीसाठी पुण्याला लेकाकडं आहे. ती फोटो पाठवते, मी अंगठ्याचं चित्र पाठवतो. मागं एका दुपारी, सकाळपासून माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, तेव्हा मी माझ्या मोबाइलवरून माझ्याच ऑफिसला मेल टाकला. आत काही लिहिलं नाही. लगेच खिशात वाजलं. थोडं थांबा, तुमचंच काम करतो आहे. माय, तुझाच आवाज ऐकू आला, बाजारातल्या गोंगाटासकट.

हेही मेलमध्येच लिहितो आहे. पत्त्याची जागा रिकामी आहे. तिथं ऑफिसचा पत्ता टाकला तर काय उत्तर येईल आणि ते कोण देईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी टाकत नाही. टाकलं तर मी थांबून बसेन.