डाव्या पायाची माया

माय, माझा खुबा बदलला. डावा. तू असतीस तर गल्लीत कोणाला पत्ता लागू दिला नसतास. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, आता तिशीला टेकले. दवाखान्यात माझ्या वॉर्डातल्या सगळ्या बाया साठीच्या पुढच्या. त्यातल्या एकीने मला कोणाची तरी सून समजून चहा आणायला पाठवायचं ठरवलं. मी पलंगाला टेकवलेला वॉकर दाखवला, तर ती रडायलाच लागली. ऑपरेशन माझं, आणि समजूत मी तिची काढत बसले.

माझा खुबा जन्मापासूनच खोबणीत नीट बसलेला नव्हता, म्हणून डावा पाय आखूड पडतो, हे आपल्याला फार उशिरा कळलं. तोवर तू कंबरेत काही भरलं असेल म्हणून तेल चोळत राहिलीस. मग अकोल्याला गेलो. मी नववीत आहे. डॉक्टर फिल्म उजेडाला धरून सांगतात, आता काही करू नका, हाडांची वाढ पुरी होऊ द्या, मोठी झाली की खुबा बदलता येईल. तू विचारतेस, "लोखंड टाकसान काय पोरीच्या आंगात?" ते म्हणतात, तसंच समजा. परतीची गाडी वरवट बकालच्या थांब्यावर थांबते. तिथे खिडकीतून पेरू घेतेस, मीठ लावून माझ्या हातात देतेस आणि हळूच म्हणतेस, "कोनाले सांगू नको बरं. लोकं म्हनतीन, पोरीत लोखंड हाये." मला हसू आलं होतं. तुला आलं नाही.

जळगाव जामोदच्या आपल्या स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर अंतरावर तुझं मशीन होतं. निम्म्या गावाचे ब्लाउज भाजीच्या वासासकट जायचे. शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना तू एकच गोष्ट ओरडून सांगायचीस. "माया सोड आधी! बाई आज हाये तशी उद्या राह्यते काय?" शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं ते जास्तीचं कापड, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला माया का म्हणतात, हे तेव्हा मी कधी विचारलं नाही. माझी सलवार कापताना मात्र तू डावा पाय दोन बोटं आखूड ठेवायचीस, म्हणजे तो जमिनीवर लोळू नये आणि कोणाची नजर तिकडे जाऊ नये. मला त्याचा भयंकर राग यायचा. कपड्यातसुद्धा मी लंगडीच का, असं मी एकदा ओरडले. तू दाताने दोरा तोडलास आणि माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "कापड आखूड हाये. तू नाही."

आता दोन्ही पाय सारखे झालेत. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, घरात सगळे खाली जेवतात आणि मी पाहुण्यासारखी खुर्चीवर. घरी आल्यावर मी तुझ्या हातची हिरवी सलवार घातली, तर वहिनी बघतच राहिली. "ताई, डावा पाय वर काऊन चढला?" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की टाके दुखले. ती ब्लेड घेऊन खाली बसली आणि तिने काठ उसवला. आत दोन बोटं माया होती. दुमडलेल्या त्या कापडाचा रंग नव्यासारखा होता. तू पेटीत ठेवलेल्या एकेक सलवारीचा डावा काठ तिने उसवला, आणि प्रत्येकीत ती होती. एक दिवस हा पाय पुरा होणार हे तू धरून चालली होतीस आणि मला कधी बोलली नाहीस. मी मोठ्याने रडले. पुढे बघायला येणाऱ्या प्रत्येकीला मी ते काठ दाखवायची. सगळ्या डोळे पुसून जायच्या.

पेटीच्या तळाशी राहून गेलेली जांभळी सलवार शेवटी निघाली. बारावीच्या निरोप समारंभासाठी शिवलेली, तुझ्या हातची शेवटची. तिच्या डाव्या पायात काहीच नव्हतं. आखूड कापून नुसती पट्टी मारलेली. वहिनी म्हणाली, "कापड पुरलं नसन, ताई." मी तिला उजवा पाय उसवायला सांगितला. उजव्या पायात माया होती. तिने ब्लेड खाली ठेवलं. तेव्हा तुझं दुखणं वाढलं होतं, मशीनवर बसल्या बसल्या तुला धाप लागायची. तुझ्यामागे मला अकोल्याला कोण नेणार, याचा हिशेब तू तेव्हाच करून टाकला असशील. मला सगळं कळतं. तरी माय, मला तुझा राग आला. बाकीच्या सगळ्या सलवारी विसरून मी त्या एकीलाच धरून बसले. तुझीच आशा सुटली होती तर मी कोणाच्या भरवशावर वाढले, असं वाटत राहिलं.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. ऑपरेशनच्या आधी, दवाखान्यातून घरी येताना घालायला म्हणून मी बाजारातल्या टेलरकडे नवीन ड्रेस टाकला होता. वहिनी म्हणाली, थांबा ताई, माप नंतर देऊ. मी ऐकलं नाही. डावा पाय दोन बोटं आखूड ठेवा, असं मीच त्याला सांगितलं. त्याने विचारलं, आत माया सोडू का? मी नको म्हटलं.