हीटरची वायर कोणी काढली

अण्णा, आज सकाळी मी तुमच्या नावावर पुन्हा एकदा खोटं खपवलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे उलट बोलायला तुम्ही नाही. आणि असतात तरी बोलला नसतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमची नात सोळाची झाली. आपला तो जुना डिझेलचा पिकअप ट्रक आहे ना, तोच ती आता चालवायला शिकतेय. बाहेर नाकातले केस गोठावेत अशी थंडी. ती बसली आणि लगेच किल्ली फिरवायला लागली. मी म्हटलं, "थांब गं, आधी समोरची ती पिवळी खूण विझू दे, इंजिन आतून तापलं की विझते, मग सेल्फ मार." तिला सेल्फ म्हणजे काय ते कळेना. "स्टार्टर. आजोबा सेल्फ म्हणायचे," मी सांगितलं. तर ही खो खो हसली. "वेट, तेच आजोबा ना, ज्यांनी हीटर अनप्लग केला होता?" आणि मी म्हटलं, "हो."

तुमच्याबद्दल तिला एवढंच माहीत आहे. सात वर्षांची होती तुम्ही गावाहून इथे आमच्याकडे आलात तेव्हा. तुम्ही चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक होता, नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरला काय झालंय ते सांगायचात, यातलं काही तिला ठाऊक नाही. कसं असणार? मी कुणाला सांगायचोच नाही. इथे परदेशात, शॉमबर्गच्या मराठी मंडळात कुणी विचारलं की मी म्हणायचो, "वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते." ऐकणाऱ्याला वाटायचं, कुठेतरी ऑफिसर असतील. वाटू द्यायचो.

आणि तुम्ही? आल्या आल्या त्या ट्रकच्या प्रेमात पडलात. समोरच्या जाळीतून लोंबणारी वायर बघून विचारलंत, "हे शेपूट कसलं?" मी सांगितलं, इंजिनाच्या आत छोटा हीटर असतो, तीन-चार तास आधी घरातल्या विजेला जोडायचा, म्हणजे इंजिन गोठत नाही. तुम्ही कपाळावर हात मारलात. "अरे देवा! आणि आम्ही घाटातल्या डेपोत घमेल्यात निखारे घेऊन गाडीखाली सरकवायचो!" त्या दिवसापासून ते काम तुमचं. रोज संध्याकाळी माझा जुना कोट चढवून वायर लावायचात आणि बॉनेटला कान लावून उभे राहायचात. "बोलतोय रे. पातेलं चुलीवर ठेवल्यावर कुरकुरतं ना, तस्सं." तो आवाज ऐकल्याशिवाय तुम्ही घरात पाऊल टाकलं नाहीत. शेजारी बघतील म्हणून मी तुम्हाला आत बोलवत राहायचो. शेजाऱ्यांना काय पडली होती! मलाच लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

तुमची दुसरी खोड सगळ्या घराला माहीत होती. जिथे दिसेल तिथला प्लग काढायचा. मायक्रोवेव्ह, इस्त्री, एकदा तर माझी मीटिंग चालू असताना राउटर. "इथे भिंतीला बटणंच नाहीत, मग बंद कसं करायचं?" हे तुमचं म्हणणं. ती खोड मला नंतर फार सोयीची पडली.

संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मंडळाचं स्टेजचं सामान ट्रेलरमध्ये भरलेलं होतं आणि ओढायला आपलाच ट्रक. सकाळी मंडळाचे चौघे येणार, म्हणून मी गॅरेजच्या दारापाशी ट्रक लावून आतून साफ करत होतो. तुम्ही कोट घालून आलात. मी म्हटलं, "आज मी लावतो वायर, तुम्ही जा, जेवायला बसा." तुम्ही गेलात. मी हीटरची वायर लावली, पण झाडायला लगेच तीच काढून त्या जागी व्हॅक्यूम क्लीनरचा प्लग लावला, ट्रक झाडला, व्हॅक्यूम तसाच कोपऱ्यात ढकलला आणि दार खाली ओढून आत आलो. पानावर गरम भाकरी होती.

सकाळी ट्रक ढिम्म. चौघे हात चोळत उभे, आणि मी आपला सेल्फवर सेल्फ मारतोय. तुम्ही खिडकीशी येऊन हळूच म्हणालात, "अरे, मारू नकोस, इंजिन गार आहे. बॅटरी बसेल." बसलीच. मी तणतणत गॅरेज उघडलं तर हीटरची वायर जमिनीवर पडलेली. मी वळून बघितलंसुद्धा नाही, की तिच्या जागी काय लावलंय. सगळ्यांसमोर ओरडलो, "अण्णा, तुम्हीच काढली ना? किती वेळा सांगितलं, हात लावू नका म्हणून! हा काही तुमचा डेपो नाही!" कुणीतरी हसलं, "काका, लाइट बिल वाचवलंत वाटतं!" तुम्ही एकदा त्या भिंतीकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे. मग म्हणालात, "असेल रे. माझ्याच हातून झालं असेल."

दुसऱ्या कुणाची तरी गाडी आली, ट्रेलर गेला, कार्यक्रम दणक्यात झाला. तुम्ही आला नाहीत. गुडघा दुखतोय म्हणालात. हॉलमध्ये मी दिसेल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवत "गोड बोला, गोड बोला" करत हिंडत होतो. परत आलो तर हीटर जोडलेला, बॅटरी चार्जरवर, आणि व्हॅक्यूमची वायर गुंडाळून ठेवलेली. तुमच्या पद्धतीने, आठाच्या आकड्यासारखी, शेवटचा वेढा मधून ओवून. त्या वायरकडे बघितलं तेव्हा कळलं. तुम्हाला सकाळीच दिसलं होतं. चार लोकांत माझी फजिती होऊ नये म्हणून तुम्ही ती स्वतःवर घेतलीत. आत गेलो तर तुम्ही तिळाचा लाडू हातावर ठेवलात आणि एवढंच म्हणालात, "आता घेईल सेल्फ." मी लाडू तोंडात टाकला. बोलायचं नव्हतंच, लाडवाचं निमित्त झालं.

तेव्हा दोन शब्द बोललो असतो तर काय झिजलो असतो? उलट ती गोष्ट मी रंगवून सांगत सुटलो. पॉटलकच्या जेवणाला, डेव्हनवरच्या देशी बाजारात मिठाईच्या रांगेत भेटलेल्या मित्राला, तुम्ही गेल्यावर घरी आलेल्या लोकांनासुद्धा. सगळे हसले, रडण्यापेक्षा बरं, असं तेव्हा वाटलं. पोरगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिच्याकडे आजोबांचं म्हणून तेवढंच राहिलं, आणि तेही माझं पाप.

तो व्हॅक्यूम मी नंतर वापरला नाही. बायकोला सांगितलं, बिघडलाय. तुमचा वेढा सोडवायला माझा हात होत नाही.

ही चिठ्ठी ट्रकच्या कप्प्यात, गाडीच्या कागदांवर ठेवणार आहे. पोरगी उद्या पुन्हा ट्रक काढेल, कधीतरी तिच्या हाताला लागेल. मोठी हिंमत केली असं वाटत होतं, पण तुमच्याशी तरी खरं बोलतो, अण्णा. तिला मराठी वाचता येत नाही. मला हे लिहायला बसण्याआधीपासून माहीत होतं.