खिशांची तोंडं

२ जून, रविवार
पुन्हा हरलो! सहाच्या सहा डाव. हिचा थोरला भाऊ दर रविवारी येतो, माझ्या पूल टेबलावर मला धुतो आणि जाताना पाठ थोपटतो. "जावईबापू, टेबल तुमचं, डाव आमचे!" वर ही त्याला चहाचा दुसरा कप देते. घरभेदी!

चाळीस वर्षं बॅगा शिवल्या मी. गिऱ्हाइकाला खिसा कधी पुरत नाही — अजून मोठा करा, अजून एक लावा. आज आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, या टेबलाचे खिसे फार मोठे आहेत.

३ जून, सोमवार
मोजलं. खिशाच्या तोंडात दोन बॉल शेजारीशेजारी ऐसपैस बसतात. खिसा कसला, गोदाम! असल्या खिशात कोणीही बॉल घालेल. टेबलाखाली आडवा होऊन बोल्ट काढले, कडा सोडवल्या, कापड उलटलं, प्रत्येक तोंडाला दोन्हीकडून रबर चिकटवलं. आता जेमतेम सव्वा बॉल. आठवडाभर मी सराव करणार, मेव्हण्याला पत्ताच नाही!

ही म्हणाली, "काय चाललंय खाली?"
म्हटलं, "मेन्टेनन्स."
"कपाटाचं दार वर्षभर दोरीने बांधलंय. त्याला नाही सुचत मेन्टेनन्स!"

४ जून
घोळ. रबर फार टणक निघालं. बॉल खिशात शिरतो आणि उसळून परत बाहेर! ही बघत होती. "अहो, टेबलाला मळमळतंय का?"

सगळं उचकटलं. बॅगेच्या पट्ट्याला आतून लावतो ते मऊ चामडं लावलं. शिवाय डावी कड ढिली राहिली होती — बॉल आपटला की 'टक्'ऐवजी 'ढप्प'. पुन्हा टेबलाखाली. पाठीचं आणि माझं वाजलंय.

७ जून
रोज दोन तास सराव. बॉल जातात!

९ जून, रविवार
जिंकलो!! चार डाव ओळीने! मेव्हण्याचा एक बॉल जाईल तर शपथ. एक तर असा भरकटला की खिसा राहिला बाजूला, सरळ मधल्या कडेवर जाऊन आदळला. हसून हसून पोट दुखलं माझं. जाताना मीच त्याची पाठ थोपटली. "दादा, होतं असं कधीकधी." तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. चहाही घेतला नाही. हार झोंबली बेट्याला!

ही हसली नाही. हिला खेळातलं काय कळतंय.

१६ जून, रविवार
आला नाही. फोनवर म्हणे पाय दुखतोय. पायाने खेळतो का?

२३ जून, रविवार
आजही नाही. एकटाच खेळलो, दोन्ही बाजूंनी. चार जिंकले, चार हरलो. जिंकल्यावर चिडायला समोर कोणी नाही आणि हरल्यावर चिडवायलाही कोणी नाही. कसला खेळ हा!

हिने भांडी आवरता आवरता सांगितलं, "दादाने पूल खेळायची काठी विकायला काढलीय." आणि मग, "तुम्ही काय केलंत त्या टेबलाला?"

सगळं सांगून टाकलं. ही एवढंच म्हणाली, "जा त्याच्याकडे." लाज वाटतेय स्वतःची. मला तो हरायला हवा होता, जायला नको होता. उद्या जाऊन नाक घासतो.

२४ जून
जाऊन कबूल केलं. तो हसला. "अहो, मला त्याच दिवशी कळलं. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात तेव्हा बॉल लावून बघितला की तोंडाला. काम झकास झालंय." मग कप उचलला. बशीत निम्मा चहा सांडला. "तुमचा खिसा दोन बोटं अरुंद झाला, जावईबापू. माझा बॉल वीतभर लांब जात होता." डॉक्टर म्हणालेत, हा कंप वाढत जाणार.

निघताना दारात त्याने विचारलं, "खिसे रुंद करता येतात का हो?"

येताना करवत घेऊन आलो. उद्या कडा कापतो.