भिंतीवरची सगळ्यात वरची खूण

मंगळवार, १८ नोव्हेंबर. भोकरदन.

आज मी पेशंटशी खोटं बोलले. शमीम चाचींचा आखडलेला खांदा आता मोकळा झालाय. माझ्याकडे फिजिओथेरपीला पहिल्यांदा आल्या तेव्हा भिंतीवर बोटं चढवताना छातीपाशीच थांबायच्या. आज सगळ्यात वरच्या पेन्सिलीच्या खुणेला हात लागला. पाठीमागून ओढणी ओढायचा व्यायामही जमला.

"आज वेणी मीच घातली, बेटी! सून म्हणे, सुटले बाई एकदाची. मंग आता माझी बी सुट्टी का?"

हो म्हणायचं, घरी व्यायाम चालू ठेवा म्हणायचं, बस. मी म्हणाले, "अजून दोन आठवडे या."

कशासाठी? खांद्यासाठी तर नाहीच. या गावात "जेवलीस का?" असं मला विचारणाऱ्या त्या एकट्याच. घरात पहिली शिकलेली मी, आणि शिकून हे? त्या दोन बस बदलून येतात. खूण तर केव्हाच गाठली त्यांनी.

शेवटी आत्ता फोन केला. "चाची, येऊ नका. खांदा बरा झालाय."

"मालूम होतं मला. तरी येणारच होते मी." मग म्हणाल्या, "जेवलीस का?"

हो म्हणाले. आजचं दुसरं खोटं.