बूस्टर कुठं लावायचा

प्रिय भूपेश,

रविवारी तू फोनवर "हॅलो, हॅलो, बाबा, काहीच ऐकू येत नाही" म्हणत राहिलास आणि मग फोन ठेवलास. बाबांनी मोबाइल उलटापालटा करून पाहिला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सिग्नल वीक आहे वाटते." इथं नागपूरला, नंदनवनात माझ्या घरी सिग्नल चांगला येतो रे. वीक झालाय तो बाबांचा आवाज. शेजारी बसूनही कान द्यावा लागतो.

तेव्हापासून उमरेडचं घर डोळ्यांसमोर आहे. नागपूरचं दूरदर्शन आपल्या गल्लीपर्यंत येताना थकून जायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि त्या मुंग्यांतून बातम्या सांगणारी बाई. बाबा विणलेल्या लुगड्यांचा गठ्ठा द्यायला बर्डीच्या बाजारात गेले आणि येताना सिग्नल वाढवणारा बूस्टर घेऊन आले. एवढी महागाची वस्तू उन्हात कशी टांगायची, म्हणून टीव्हीशेजारी फळीवर बसवला. आईनं हळदकुंकू वाहिलं. बटण दाबलं, तर मुंग्याच टपोऱ्या झाल्या! शेजारच्या सखूबाई दारातूनच म्हणाल्या, "मुंग्याईलेच खाऊपिऊ घालून राह्यले का गा, भैयाजी?"

तू नुकताच कॉलेजात जायला लागला होतास. बूस्टर वर, अँटेनापाशी लागतो, वायरीत जे गळून गेलं ते खाली परत मिळत नाही, हे तू परोपरीनं सांगितलंस. बाबा ऐकेनात. "वांदरं नेतीन त्याले. अन् तू काहून मले शिकवून राह्यला?" मग तू त्यांच्या मागाकडे बोट केलंस. "बाबा, सूत मजबूत व्हाले कांजी कधी लावता? मागावर चढवायच्या आधी, का लुगडं विणून झाल्यावर?" तू छपराच्या कवेलूंवर चढलास, साबणाच्या डबीत बूस्टर बंद केलास आणि अँटेनाच्या पाइपाच्या टोकाला बांधलास. खालून मी ओरडले, "आलं, आलं!" त्या बाईच्या कानातले डूलसुद्धा दिसत होते. सगळी गल्ली आत घुसली. बाबा मात्र तुला शाबासही न म्हणता मागावर जाऊन बसले. धुळीनं माखलेल्या हातांनी तू त्यांच्या पाठीकडे पाहत उभा होतास. ते मी पाहिलंय.

त्या दिवशी जे बोलायचं राहून गेलं, तेच बाबा रविवारी तुला सांगत होते. नंतर मला म्हणाले, "तूच सांग वं त्याले." मी नाही म्हटलं. माझ्या तोंडून येता येता निम्मं गळून जाईल. धंतोलीच्या डॉक्टरांनी पुढच्या शुक्रवारी गळ्याचं ऑपरेशन ठरवलंय. गाठ निघेल म्हणतात, पण आवाज राहील की नाही, ते सांगत नाहीत. तेव्हा आता फोन करू नकोस, भूपेश. शुक्रवारच्या आधी ये आणि कान अगदी त्यांच्या तोंडाशी ने. बूस्टर कुठं लावायचा, ते तूच तर शिकवलंस.

वाट पाहणारी,
तुझीच,
भारतीताई