एक्केचाळीस नंबरची काच

मी, जयवंत कोंडीराम मयेकर, वय वर्षे चौसष्ट, पूर्वी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, हल्ली काही नाही, राहणार गिरगाव, मुंबई ४, आज हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. 'स्वखुशीने' हा शब्द वकिलांचा; खुशी कसली! बुद्धी शाबूत आहे. पोटात मात्र गाठ आहे, आणि डॉक्टर वाघळे दिवाळीपलीकडचे काही बोलत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ मी कोणाला येऊच दिलेले नाही.

मृत्युपत्र करण्याचे खरे कारण घर किंवा सामान नव्हे. पंधरा वर्षांपूर्वी मी एका माणसाला कागदोपत्री खोटारडा ठरवले. तो शेरा मला मरण्याआधी पुसायचा आहे, आणि तो माणूस मला पुसू देईल याची खात्री नाही.

कलम १. गिरगावच्या दोन खोल्यांचा भाडेहक्क व त्यातील सामान पुतण्या दत्ताराम यास मिळावे. गेल्या महिन्यात तो आणि त्याची बायको चंपा माझ्या समाचाराला आले. मोसंबी आणली. मला झोप लागली असे समजून चंपाने वितीने खिडकी मोजली आणि म्हणाली, "अहो, पडदे हिरवेच घेऊया." खुशाल घ्यावेत. अट एवढीच की माझ्या तेराव्याला कोणी उठून माझ्याविषयी चांगले बोलू नये. हयातीत कोणी बोलले नाही, तेव्हा मेल्यावर ती सवय मोडण्याचे कारण नाही.

कलम २. पोस्टात काही उरलेच तर तेही दत्तारामनेच घ्यावे. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

कलम ३. पितळी सूक्ष्मदर्शक, भिंगे, मोजणीच्या बासष्ट वह्या व एकशे बारा काचा परळच्या माझ्या कॉलेजला द्याव्यात. ते त्या अडगळीत टाकतील हे मला ठाऊक आहे. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते. तिथे वायू असतो, धूळ असते. हा वायू थंड होऊन आत आत ओढला जातो, दाट होतो आणि त्यातून नवे तारे जन्माला येतात, असा माझा सिद्धान्त. दाट ढगाच्या मागचे तारे आपल्याला दिसत नाहीत. वेधशाळेतून आलेल्या फोटोच्या काचेवर तारे काळ्या ठिपक्यांसारखे उमटतात. काचेवर चौकटी आखायच्या, एकेका चौकटीतले ठिपके भिंगाखाली मोजायचे, आणि जिथे ते कमी भरतील तिथे ढग आहे असे धरायचे. तीस वर्षे मी हेच केले. लग्नाच्या पंगतीत दत्ताराम सांगतो की आमचे काका चांदण्या मोजतात. त्याच्या बापाने जन्मभर गिरणीत धागे मोजले, त्याला कोणी हसले नाही. या एकशे बारा काचांवरचे माझे काम चोख आहे, आणि त्यात कोणी चूक काढून दाखवावी.

कलम ४. एक्केचाळीस नंबरची काच वरील एकशे बारांत धरू नये. १९४१ च्या पावसाळ्यात ती प्रयोगशाळेच्या कपाटात होती. ओल शोषून घेण्यासाठी कपाटात कळीच्या चुन्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात. तो चुना विरून गेला होता. आमचा प्रयोगशाळेतला गडी गुणाजी राघो गमरे दोनदा माझ्याकडे आला. "साहेब, चुना संपलाय. काचा ओल धरतील." मी मोजणीत होतो, त्याला हाकलले. नोव्हेंबरात त्या काचेवर मला एक जागा दिसली, जिथे एकही ठिपका नव्हता. मी नाचलो. निबंध लिहिला, तो परदेशात छापून आला, तिकडच्या यादीत 'मयेकर मेघ' असे नाव लागले, आणि मी प्राध्यापक झालो.

पुढच्या वर्षी कोणीतरी शंका काढली म्हणून कॉलेजने समिती नेमली. गुणाजीला बोलावून उभे केले. खुर्ची कोणी दिली नाही. तो म्हणाला, "कपाट दोन महिने ओलं होतं. ती बुरशी आहे साहेब. बुरशीनं ठिपके खाल्लेत." मी म्हणालो, हा खोटे बोलतो, याने कामात कुचराई केली आणि आता अंगावर येते म्हणून रचतो आहे. गुणाजीची जात समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. माझ्या शब्दापुढे त्याचा शब्द टिकणार नाही हे मला पक्के माहीत होते, आणि त्याचा मी उपयोग केला. मी स्वतः गिरणीतल्या जॉबरचा मुलगा, लालबागच्या चाळीत वाढलेला, हेही येथे लिहून ठेवतो. त्याला काढले. त्याच्या नोकरीच्या दाखल्यावर मी माझ्या हाताने शेरा मारला: 'असत्य बोलतो. विश्वासास पात्र नाही.'

सहा महिन्यांनी त्याच आकाशाची दुसरी काच वेधशाळेतून आली. ढगाच्या जागी सत्तावन्न ठिपके होते. मी तीनदा मोजले. मग ती काच ट्रंकेत ठेवून कुलूप लावले.

कलम ५. या दोन्ही काचा माझे एके काळचे सहकारी प्रा. शामराव देवस्थळी यांना मिळाव्यात. गृहस्थ दादरला असतात आणि संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून लोकांना ग्रह दाखवतात. १९४२ साली व्हरांड्यात ते माझ्या कानाशी म्हणाले होते, "जयवंतराव, बुरशी आहे हो ती." आणि दहा मिनिटांनी समितीत बसून त्यांनी सुपारी कातरली, तोंडातून अवाक्षर काढले नाही. मी पापी आहेच. पण यांना सज्जन म्हणतात, हे मला सोसत नाही. त्यांनी सहा महिन्यांच्या आत छापावे की मयेकर मेघ नावाचा मेघ आकाशात नाही, हे प्रथम गुणाजी राघो गमरे यांनी सांगितले, आणि त्या वेळी आपण गप्प बसलो होतो. शेवटचे वाक्य गाळल्यास डॉक्टर वाघळे यांनी दोन्ही काचा वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन द्याव्यात.

कलम ६. गुणाजी गमरे यास मी काहीही देत नाही. त्याचे कारण सांगतो.

गेल्या वर्षी जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे सरकारने ठरवले म्हणून शहर पेटले होते, तेव्हा पेन्शनच्या कागदांसाठी मी परळला गेलो होतो. परतताना गोळीबार झाला, संचारबंदी लागली. करी रोडला एका चाळीखाली मी पिशवी धरून उभा राहिलो. तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, "साहेब, वर या! मराल तिथं!" तो गुणाजी होता. दोन दिवस मी त्याच्या खोलीत राहिलो, नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. मला त्याचा राग आला. त्याने मला खालीच ठेवले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको रखमा हिने डब्यातून दाखला काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. "हे अक्षर तुमचंच ना? ह्यो कागद घेऊन ह्यांनी चौदा दारं पालथी घातली. शाळा, दवाखाना, रंगाचा कारखाना. जो वाचतो तो परत देतो. आता गिरणीच्या गेटावर बदली म्हणून उभे ऱ्हातात. नंबर लागला तर लागला."

"रखमा," गुणाजी म्हणाला, "साहेब जेवतायत."

मी काय केले? उरलेली भाकरी संपवली. संचारबंदी उठल्यावर घरी आलो आणि दीड वर्ष काही केले नाही.

गेल्या रविवारी त्याला बोलावले. काच देऊ केली. तो म्हणाला, "काचंचं काय करू साहेब? खिडकीला लावू?" मग मी मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही मागितली. तो हसला. "माझी साक्ष? तुमच्याच अक्षरात मी खोटारडा हाय. कोर्टात चालंल का ती?" आणि जिना उतरून गेला.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये. मला साक्ष त्याचीच हवी. म्हणून त्याला मी फुटकी वाटीही देत नाही, आणि पुढचे कलम लिहितो.

कलम ७. गुणाजी राघो गमरे यांच्या १९४२ च्या दाखल्यावर मी मारलेला शेरा खोटा आहे. तो खोटा आहे हे पहिले सहा महिने मी स्वतःपासून लपवले आणि नंतर जाणूनबुजून सगळ्यांपासून. कपाट ओले होते. चुना त्यांनी मागितला होता, मी दिला नाही. समितीपुढे त्या दिवशी खरे बोलणारे एकटे तेच होते. हा मजकूर त्या दाखल्याच्या जागी धरावा.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली आहे. माझ्यामागे हे बदलण्याचा कोणी प्रयत्न करील तर त्याचे तळपट होवो.

(सही) जयवंत कोंडीराम मयेकर
गिरगाव, मुंबई, दि. २२ ऑगस्ट १९५७

साक्षीदार:

१. (सही) डॉ. विनायक वाघळे, गिरगाव.

२. (सही) गुणाजी राघो गमरे, करी रोड. सगळं वाचलं. कलम सात खरं आहे. बाकीचं मला माहीत नाही.